सेनिओ नदीची पाळ

रोवण्या आटोपल्या, आता बांधीत पाणी टिकलं की नाही एवढं पाहायचं राहिलं. तेव्हा पंधरा-वीस मिनिटं बसा आमच्याजवळ.

मागच्या वेळी आम्ही १९४२ च्या चिमूरबद्दल बोललो होतो. तो कार्यक्रम झाल्यावर एका ताईंचा फोन आला. त्यांच्या आजेसासऱ्यांच्या जुन्या पेटीत एक पदक आहे. सहा टोकांचा तारा, त्याला लाल, पांढरी, हिरवी फीत, फिकी पडलेली. ताई म्हणाल्या, "इकडे चिमूरचे लोक इंग्रजांशी लढत होते आणि आमचे आजोबा इंग्रजांच्या फौजेत होते. मग हे पदक पोरांना दाखवायचं की पेटीतच ठेवायचं?"

फोनवर आम्हाला उत्तर देता आलं नाही. त्या ताऱ्याला 'इटली स्टार' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या मोहिमेवर गेलेल्या शिपायांना तो मिळाला. ताईंच्या आजोबांनी घरी युद्धाचं कधी काही सांगितलं नाही. बरेच शिपाई सांगत नाहीत. म्हणून आम्ही ठरवलं, त्यांच्याबरोबर त्याच मातीत असलेल्या, ज्यांची हकिगत सरकारी कागदावर नोंदलेली आहे अशा दोन शेतकऱ्यांच्या पोरांबद्दल बोलू. एक परत आला, एक आला नाही.

आधी थोडं मागचं. ३ सप्टेंबर १९३९ ला इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात आहे असं जाहीर केलं. इथल्या कुणाला विचारलं नाही. प्रांतांतल्या काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी त्या रागात राजीनामे दिले. पण फौजेत भरती होत राहिली, आणि युद्ध संपेपर्यंत आपल्या देशातले पंचवीस लाखांवर लोक वर्दीत होते. सक्तीचा कायदा नव्हता. मग एवढी पोरं का गेली? शेत थोडं, भाऊ जास्त, सावकाराचं देणं अंगावर, आणि फौजेत महिन्याला रोख पगार. त्यातला बराचसा मनीऑर्डरने घरी. कुणाला पलटणीचा अभिमान असेल, कुणाचे बाप-चुलते आधी गेले असतील. पोट आणि मान, दोन्ही होतं त्यात. त्यात लाजण्यासारखं आम्हाला तरी काही दिसत नाही.

इंग्रजांची मात्र भरतीची रीत मोठी विचित्र होती. अमुक जात लढाऊ, तमुक नाही, असं त्यांनी कागदावर ठरवून टाकलं होतं. मराठा पलटणींसाठी ते सातारा, कोल्हापूर, अहमदनगर, कोकण या बाजूला जायचे. आपली झाडीपट्टी, तेव्हाचा भंडारा जिल्हा, मध्य प्रांतात होती, इकडे त्यांची नजर कमी. महार शिपायांनी पिढ्यान्‌पिढ्या फौजेत नोकरी केली, तरी १८९२ च्या सुमारास त्यांची भरतीच बंद केली. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार होते, त्यांच्या घरानेच तो अन्याय पाहिला. बाबासाहेब १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली वर्दी तिथून सुरू होते.

आता नामदेव. शिपाई नामदेव जाधव, जन्म १८ नोव्हेंबर १९२१, अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचा, शेतकरी घरातला. आम्ही त्यांना एकेरी नावाने हाक मारतो, त्याचं कारण एवढंच की गोष्ट घडली तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. तेवीस वर्षांच्या घरच्या पोराला आपण अहो-जाहो करत नाही. नामदेव पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत होता. तिला 'जंगी पलटण' म्हणतात. काम काय? कंपनीचा रनर. म्हणजे निरोप्या. कंपनी कमांडरच्या मागे मागे राहायचं, आणि वायरलेस बंद पडला, तार तुटली, तर निरोप घेऊन पळत सुटायचं. गावात तलाठ्याच्या मागे कोतवाल असतो तसंच काहीसं, फरक एवढा की इथे वाटेत गोळ्या चालू.

पलटण आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती. हे डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या दक्षिण टोकाला, तारांतो बंदरात उतरलं. तिथून वर सरकायचं म्हणजे एक नदी ओलांडायची, पुढे दुसरी, पुढे तिसरी. इटलीच्या मधोमध डोंगर, त्यातून दोन्हीकडे नद्या उतरतात, आणि प्रत्येक नदीवर जर्मन फौज दबा धरून बसलेली. दोन हिवाळे असे चिखलात आणि बर्फात गेले. १९४५ च्या एप्रिलमध्ये शेवटचा मोठा हल्ला ठरला. समोर नदी होती सेनिओ.

बायांनो, ही नदी ऐकून तुम्ही हसाल. वैनगंगेची तर बातच सोडा, आपल्या एखाद्या नाल्याएवढी ती. रुंदी पंधरा फूट, पाणी चार-पाच फूट, म्हणजे छातीपर्यंत. पण पुराचं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिकडच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिच्या दोन्ही बाजूंना मातीच्या पाळी घातलेल्या. आपल्या मामा तलावाची पाळ डोळ्यांपुढे आणा. ती आणखी उंच करा, तीस-पस्तीस फूट, आणि भिंतीसारखी उभी. अशा दोन पाळी, मध्ये खोल घळीत ती बारीकशी नदी. जर्मनांनी त्या पाळी आतून पोखरल्या होत्या, घुशीने धुरा पोखरावा तशा. आत राहायच्या खोल्या, मशीनगनची भोकं, येण्याजाण्याच्या वाटा. आणि पूर्वेच्या पाळीच्या आतल्या अंगाला सुरुंग पेरलेले.

दिवस ९ एप्रिल. दुपारी विमानांनी बॉम्ब टाकले, तोफा चालल्या, आग फेकणाऱ्या गाड्या आणून पाळीवर ज्वाळा सोडल्या. संध्याकाळी सान पोलितो नावाच्या गावाच्या उत्तरेला मराठा पलटणीची एक कंपनी पूर्वेच्या पाळीवर चढली. तीन मिनिटांनी दुसऱ्या कंपनीने तिच्यातून पुढे जाऊन पश्चिमेची पाळ घ्यायची, असा बेत. नामदेव या दुसऱ्या कंपनीत होता, कमांडरच्या जवळ, अगदी पुढच्या तुकडीच्या मागे.

पाळ चढले, उतरले, पाण्यात शिरले. पलीकडच्या काठाला लागत होते तोच गोळ्या आल्या, त्याही पाठीमागून. जी पाळ ओलांडून आले तिच्याच पोटात दडलेल्या निदान तीन ठाण्यांवरून. कंपनी कमांडरसकट काही जण जखमी झाले, बाकीचे तिथेच ठार. धडधाकट उरला एकटा नामदेव.

आता त्याने काय केलं ते क्रमाने ऐका, कारण क्रम महत्त्वाचा आहे. हुकूम द्यायला कुणी नव्हतं. त्याने आधी एका जखमी साथीदाराला उचललं. छातीएवढ्या पाण्यातून नेलं, त्या उभ्या पाळीवर चढवलं, सुरुंगांमधून पलीकडे नेऊन ठेवलं. मग परत आला. दुसऱ्याला उचललं, पुन्हा तीच वाट. दोन्ही वेळा वरून मॉर्टरचे गोळे आणि समोरून मशीनगन. आपण डोक्यावर धानाचा भारा घेऊन ओल्या धुऱ्यावरून चालतो तेव्हा पाय कसा शोधत शोधत टाकतो! इथे भारा म्हणजे जिवंत माणूस, ओल्या कपड्यांनी जड झालेला, आणि पायाखाली सुरुंग.

दोघांना पोचवल्यावर तो तिकडेच सुरक्षित बाजूला थांबला असता तर कुणी बोल लावला नसता. तो तिसऱ्यांदा पाळ ओलांडून आत आला. त्याच्या पलटणीची माणसं त्या तीन ठाण्यांमुळे अडकून पडली होती आणि त्याचे सोबती समोर मरून पडले होते. सगळ्यात जवळच्या ठाण्यावर तो टॉमीगन घेऊन धावला आणि ते बंद केलं. तेवढ्यात हाताला गोळी लागली. बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. त्यांनी दुसरं ठाणं संपवलं, तिसरं संपवलं. मध्येच बॉम्ब संपले तर सरपटत पाळीच्या माथ्यावर गेला, पलीकडच्या उतारावर थांबलेल्या साथीदारांकडून आणखी घेतले आणि पुन्हा उतरला. तिन्ही ठाणी गप्प झाल्यावर माथ्यावर उघड्यावर उभा राहिला, मॉर्टर चालूच होते, आणि मराठ्यांची आरोळी ठोकत हात हलवून राहिलेल्या कंपन्यांना म्हणाला, या, उतरा नदीत.

दोन्ही कंपन्यांनी दोन्ही पाळी धरल्या. तिथून पुढे रस्ता मोकळा झाला. २ मे १९४५ ला इटलीतल्या जर्मन फौजांनी शस्त्रं खाली ठेवली, म्हणजे त्या संध्याकाळनंतर चोवीसही दिवस पुरे झाले नव्हते.

जून १९४५ मध्ये नामदेवला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. इंग्रजांच्या फौजेत याच्या वर पदक नव्हतं. सोन्याचं नाही हो ते, चांदीचंही नाही, काशाचा साधा क्रॉस, लालसर फितीचा. १९११ पर्यंत तर तो हिंदी शिपायाला मिळतच नसे, कितीही मोठं काम केलं तरी. शौर्यालासुद्धा कातडीचा रंग लावून मोजायचे ते लोक. मराठा लाइट इन्फन्ट्रीला आजवर दोनच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, दोन्ही याच युद्धात, दोन्ही इटलीत. नामदेव नंतर हवालदार झाला. २ ऑगस्ट १९८४ ला पुण्यात वारला. म्हणजे आपल्यातल्या ज्यांचं वय आज पन्नास-साठ आहे, त्या शाळेत जात होत्या तेव्हा हा माणूस हयात होता, आणि आपल्या पुस्तकात त्याचं नाव आम्हाला कधी दिसलं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच संध्याकाळी, त्याच सेनिओ नदीवर, थोड्या अंतरावर आणखी एका हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळेल असं काम घडलं. त्याचं नाव अली हैदर, कोहाट भागातला पठाण, फ्रंटियर फोर्स रायफल्सचा. एकच डिव्हिजन, एकच नदी. दोनच वर्षांनी कोहाट पाकिस्तानात गेलं. एकाच दिवशी एकाच पाण्यात उतरलेले हे दोघे पुढे दोन देशांचे शिपाई झाले.

आता दुसरा. नाईक यशवंत घाडगे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. तारीख लक्षात घ्या, नामदेवच्या दोनच दिवस आधी. कोकणातल्या माणगाव तालुक्यातलं पळसगाव, आता रायगड जिल्हा. पळसगाव नावाची गावं आपल्याकडेही आहेत, जिथे पळस तिथे पळसगाव. यशवंत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होता, छोट्या तुकडीचा नायक. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन चालली. तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, तो एकटा उभा राहिला. सोबत यायला कुणी नाही हे दिसत असताना तो त्या ठाण्यावर धावला. हातबॉम्बने मशीनगन बंद केली, एकाला गोळीने मारलं, आणि बंदुकीत गोळ्या भरायला वेळ नव्हता तेव्हा ती नळीकडून धरून दांड्यासारखी चालवली. ठाणं घेतलं. दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि तो त्याच ठाण्यात गेला. वय बावीस.

त्याला कबर नाही. कासिनो इथल्या स्मारकावर, ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चार हजारांवर नावांत त्याचं नाव कोरलं आहे. माणगावला तहसील कार्यालयाच्या आवारात त्याचा पुतळा आहे. आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने नावाच्या लहान गावाने, जिथे तो पडला त्या भागात, त्याच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभं केलं. वर लॅटिन भाषेत लिहिलं आहे, त्याचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. त्या गावाला ऐंशी वर्षांनी आठवण झाली, हे आम्हाला फार मोठं वाटलं.

इटलीत जवळजवळ पन्नास हजार हिंदी शिपाई लढले. त्यांतले ५,७८२ मेले. सेनिओपासून जवळच फोर्ली गावी हिंदी फौजेची वेगळी स्मशानभूमी आहे. मुसलमान शिपाई तिथे पुरले आहेत, आणि ज्यांना आपल्या रीतीप्रमाणे अग्नी दिला अशा सातशेच्या वर हिंदू आणि शीख शिपायांची नावं दगडावर लिहिली आहेत. एवढ्या दूर, परक्या देशात, लढाई चालू असताना सरण रचून अग्नी दिला, म्हणजे कुणीतरी लाकडं जमवली असतील, कुणीतरी चार शब्द म्हटले असतील. पण घरच्या बाईच्या हाती काय आलं? एक तार.

त्या बाईचं कुठल्या सरकारी कागदात लिहिलेलं नाही, म्हणून तेवढं आम्ही बोलणार. नवरा गेला तेव्हा औत कुणी धरायचं? बाईने नांगराला हात लावायचा नाही अशी तेव्हाची रीत. म्हणजे दीराच्या नाहीतर भाऊबंदाच्या तोंडाकडे पाहायचं, आणि तो म्हणेल तो वाटा घ्यायचा. चिठ्ठी आली तर वाचायला कुणाच्या तरी ओट्यावर जायचं, आणि नवऱ्याने आपल्यासाठी लिहिलेलं चार लोकांत ऐकायचं. त्याआधी ती चिठ्ठी फौजेच्या सेन्सॉरने वाचलेलीच असायची. तिकडे १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तिथला तांदूळ यायचा बंद झाला, धान्याचे भाव चढले, कापड आणि रॉकेल मिळेनासं झालं. पुढच्या वर्षी बंगालात लाखो माणसं भुकेने मेली. मनीऑर्डर आली तरी त्या पैशात पूर्वीएवढं येत नव्हतं. या बायांनी तीन-चार वर्षं शेत पडीक पडू दिलं नाही, पोरं जगवली. त्यांच्यासाठी कुठे दगड उभा नाही.

आणि आता ताईंचा प्रश्न, जो आम्ही टाळलेला नाही. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर उठलं. नंतर लष्कर आणि पोलीस गावात शिरले आणि बायांवर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपास केला. ते आम्ही मागच्या वेळी सांगितलं आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. मग त्याच सरकारच्या वर्दीतल्या नामदेवचं कौतुक कसं करायचं?

यावर आमच्यातच दोन मतं झाली, ती लपवत नाही. एक जण म्हणाली, पगार राजाचा, लढाई राजाची, आपला त्यात काय संबंध? दुसरीने विचारलं, नामदेव जिंकला नसता तर राज्य कुणाचं आलं असतं? हिटलरचं. माणसांना जातीवरून, वंशावरून भट्टीत घालणाऱ्यांचं. त्यांच्याविरुद्ध आपली पोरं लढली हे खोटं कसं म्हणायचं? आणि चिमूरच्या बायांवर हात टाकणारे आणि पाळीवरून साथीदाराला पाठीवर आणणारा, दोघांना एकाच दोरीने कसं बांधायचं? वर्दी एक होती, माणूस वेगळा होता. वाद बराच वेळ चालला, चहा दोनदा झाला. शेवटी आम्ही सगळ्या एवढ्यावर आलो की चिमूरचे लोकही आपले आणि पेटीतलं पदकही आपलं. एकाची गोष्ट सांगताना दुसऱ्याची दडवायची नाही, दोन्ही पोरांना सांगायच्या.

आपल्या रस्त्यांवर आजही पहाटे भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात, आता पोरीही असतात. त्यांच्या आया घरी काय बोलतात ते आम्ही ऐकलं आहे. त्यांनी नामदेवची गोष्ट पोराला सांगावी आणि यशवंतचीही सांगावी, नुसती एक नको.

जाता जाता कामाचं. तुमच्या घरी कुणी माजी सैनिक असेल किंवा होऊन गेला असेल तर त्यांचं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, पदकं, जुने फोटो एका पिशवीत नीट ठेवा, उधईपासून आणि पावसापासून जपा. नावाचं बघा. डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव एक आणि आधार कार्डावर दुसरं, माहेरचं-सासरचं, हा घोळ फार घरांत आहे आणि बाई एकटी पडली की तिथेच पेन्शन अडतं. नवरा हयात असतानाच ते दुरुस्त करून घ्या. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, तिथे विचारा. दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मानधन देतं. अशी एखादी म्हातारी आजी तुमच्या गावात एकटी राहत असेल तर गटातल्या दोघींनी तिच्यासोबत जा, तिला एकटीला पाठवू नका.

ताईंना आम्ही परत फोन केला. पुढच्या महिन्यात त्या ते पदक घेऊन केंद्रावर येणार आहेत, सोबत त्यांची दोन्ही पोरं असतील. फीत धुवायची का, असं त्यांनी विचारलं. आम्ही म्हटलं, नका धुऊ, आहे तशीच आणा.